अपिलाची पायरी आणि कोर्ट फीचा धसका

कौटुंबिक न्यायालयाचा निकाल हाती आला, की घरातील ज्येष्ठ मंडळी संपूर्ण निकालपत्र क्वचितच वाचतात. शेवटचे पान उलटून ‘हुकूम’ तेवढा पाहतात. तो मुलीच्या विरुद्ध गेलेला असेल, तर पुढचा प्रश्न कायद्याचा नसतो, पैशाचा असतो. ‘आता हायकोर्ट म्हणजे किती?’ कोणीतरी एक आकडा उच्चारतो. तो कोठून आला, हे विचारण्याचे भान त्या वेळी कोणाला नसते. भावकीतल्या जमिनीच्या दाव्यात कधीकाळी भरलेली कोर्ट फी, एखाद्या गाळ्याच्या खटल्यातील वकिलाचे बिल, मुंबईच्या चार खेपांचा खर्च, या सर्वांची मनातल्या मनात बेरीज होऊन तो आकडा तयार झालेला असतो. मुलगी ऐकत असते. वडील निवृत्त, धाकट्या भावाचे लग्न व्हायचे. ‘जाऊ द्या, माझ्या नशिबात नव्हते,’ असे तीच म्हणून टाकते आणि प्रकरण मिटले, असे सर्वजण समजतात.

वस्तुतः घटस्फोटाच्या किंवा पोटगीच्या निकालाविरुद्ध महाराष्ट्रातील स्त्रीने अपील केले, तर राज्याच्या तिजोरीत भरावयाची कोर्ट फी तिला माफ आहे. ही माफी काल-परवाची नाही. तिला तीस वर्षे उलटून गेली आहेत. तरीही ती माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत अपिलाची मुदत निघून जाते, आणि मुदत गेली की जे नुकसान होते ते कोणत्याही शुल्काहून मोठे असते. म्हणून या विषयाचा हिशोब नीट मांडून पाहणे इष्ट होय.

प्रथम दोन शब्द वेगळे केले पाहिजेत: कोर्ट फी आणि कोर्टाचा खर्च. कोर्ट फी म्हणजे दावा, अर्ज वा अपील दाखल करताना शासनाला द्यावयाची, कायद्याने ठरवून दिलेली रक्कम. पूर्वी ती मुद्रांकांच्या तिकिटांनी भरली जाई. आता बहुतेक ठिकाणी ती ई-पावतीने भरता येते. कोर्टाचा खर्च ही मात्र फार मोठी पिशवी आहे. वकिलाचे मानधन, नकला, टंकलेखन, भाषांतर, प्रवास हे सारे त्या पिशवीत पडते. घरात जो आकडा उच्चारला जातो, त्यात कोर्ट फीचा वाटा बहुधा लहान असतो. परंतु भीती मात्र तिच्याच नावाने वावरते.

सर्वोच्च न्यायालय वगळता अन्य न्यायालयांचे शुल्क हा आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा दर वेगळा. महाराष्ट्रात १९५९ चा अधिनियम लागू आहे. तो पूर्वी ‘मुंबई न्यायालय फी अधिनियम’ म्हणून ओळखला जाई, आता ‘महाराष्ट्र’ म्हणून ओळखला जातो. १६ जानेवारी २०१८ पासून त्यातील दर वाढले आणि दाव्याच्या मूल्यावर आकारल्या जाणाऱ्या शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. ‘कोर्ट फी दहा लाख झाली’ ही वार्ता तेव्हा गावोगाव पोहोचली. परंतु ती मर्यादा मोठ्या रकमेच्या आणि मालमत्तेच्या दाव्यांसाठी आहे, ही पुरवणी काही पोहोचली नाही.

पोटगीच्या दाव्याचे मूल्यांकन हा या अधिनियमातील एक सुखद भाग आहे. केंद्राच्या १८७० च्या कायद्याप्रमाणे पोटगीच्या दाव्याचे मूल्य वर्षभराच्या रकमेच्या दहापट धरले जाते. महाराष्ट्राच्या अधिनियमाने ते एकपट ठेवले आहे. दरमहा २०,००० रुपयांची मागणी असेल, तर एका हिशोबाने दावा चोवीस लाखांचा होतो आणि दुसऱ्या हिशोबाने दोन लाख चाळीस हजारांचा. शुल्क मूल्यावर बसत असल्याने हा फरक किरकोळ नाही. आणि दावा करणारी स्त्री असेल, तर या दोन लाख चाळीस हजारांवरचे शुल्कही तिला द्यावे लागत नाही.

ती माफी आली १ ऑक्टोबर १९९४ रोजी. अधिनियमाच्या कलम ४६ ने शासनाला शुल्क कमी करण्याचा वा माफ करण्याचा अधिकार दिला आहे. त्या अधिकारात काढलेल्या अधिसूचनेने स्त्री पक्षकारांना चार प्रकारच्या प्रकरणांत शुल्क माफ केले: पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट. १९९४ हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले आणि मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा देणारी दुरुस्तीही महाराष्ट्राने त्याच वर्षी केली. सबंध देशासाठी तशी तरतूद येण्यास २००५ साल उजाडावे लागले.

अधिसूचनेची शब्दयोजना बारकाईने वाचली पाहिजे. ती केवळ मूळ दाव्यापुरती नाही. वादपत्र, अर्ज, याचिका यांच्याबरोबर ‘अपिलाचे ज्ञापन’ हेही शब्द तीत आहेत. म्हणजे खालच्या न्यायालयात सवलत आणि वरच्या न्यायालयात पूर्ण वसुली, असा प्रकार नाही. उत्पन्नाची अटही नाही. नोकरी करणारी, स्वतःचे घर असणारी स्त्रीदेखील या चार विषयांत माफीस पात्र आहे. दारिद्र्याचा दाखला मागणारी ही सवलत नव्हे, हे अनेकांना पटवून द्यावे लागते.

तथापि तिच्या सीमाही आहेत. ‘मालमत्तेचे वाद’ या शब्दांचा अर्थ आरंभी मोठा घेतला गेला. पुढे २००० साली शासनाने तो विवाहविषयक बाबींतून उद्भवणाऱ्या मालमत्तेच्या वादांपुरता मर्यादित केला. सासरच्या घरातील हक्क, लग्नात दिलेले दागिने, पतीपत्नींच्या संयुक्त नावाची सदनिका हे वाद त्यात बसतात. भावांविरुद्धचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा बसत नाही. मुलांचा ताबा हे शब्दही त्या चारांत नाहीत. घटस्फोटाच्या प्रकरणातच ताब्याचा प्रश्न आला असेल तर गोष्ट निराळी. पण केवळ ताब्यासाठी स्वतंत्र कारवाई असेल, तर कार्यालय शुल्काची हरकत काढू शकते आणि त्या तयारीने जावे. अपिलाच्या ज्ञापनातच अधिसूचनेचा दिनांक देऊन माफीचा उल्लेख केलेला बरा. हरकत निघाली तर ती त्याच दिवशी दूर होते. नाहीतर ‘शुल्क अपुरे’ हा शेरा बसून फाइल आठवडेच्या आठवडे तेथेच पडून राहते.

वकीलपत्रावर लागणारे वकील कल्याण निधीचे तिकीट मात्र वेगळ्या कायद्याखाली येते. ते लावावे लागते. रक्कम किरकोळ आहे, पण तिकीट नसले की कागद परत येतो.

येथे एक प्रश्न रास्त आहे. शुल्क आकारावेच का? १७९५ साली बंगालमध्ये कंपनी सरकारने दाव्यांवर शुल्क बसवले, तेव्हा खोटे दावे आटोक्यात यावेत, हे कारण प्रस्तावनेत लिहिले होते. पुढे मेकॉलेने त्या प्रस्तावनेची हास्यास्पद म्हणून संभावना केली. शुल्क खोट्या दावेदाराला जेवढे लागते तेवढेच खऱ्यालाही लागते; ते खोटेपणा मोजत नाही, खिसा मोजतो. स्वातंत्र्यानंतर एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात हाच मुद्दा उचलला आणि न्यायदानाला महसुलाचे साधन मानण्याच्या वृत्तीवर टीका केली. कौटुंबिक वादांत तर ही टीका अधिकच लागू पडते. संसार मोडलेला मनुष्य नफ्यासाठी न्यायालयात आलेला नसतो.

आणि अपील हे केवळ हरलेल्याचे समाधान नाही, याचे एक ताजे उदाहरण जैन समाजाच्या अगदी निकटचे आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांचा स्पष्ट नामोल्लेख आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैनांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. या दोन गोष्टींचा परस्परांशी विरोध नाही. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने, जैन समाज अल्पसंख्याक ठरल्यामुळे त्यास हिंदू विवाह अधिनियमाचा लाभ घेता येणार नाही, अशा भूमिकेतून एका जैन दांपत्याची परस्परसंमतीच्या घटस्फोटाची याचिका फेटाळली. त्या निर्णयाविरुद्ध अपील झाले, आणि मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो रद्द करून, हा अधिनियम जैनांना लागू आहे, असा निर्वाळा दिला. अल्पसंख्याक दर्जा मिळाल्याने विवाहाचा कायदा बदलत नाही. एक अपील दाखल झाले नसते, तर किती जोडपी त्या दारात अडकून पडली असती!

हे अपील ज्या तरतुदीखाली होते, ती कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १९ मध्ये आहे. तथ्य आणि कायदा या दोन्ही मुद्द्यांवर उच्च न्यायालयात जाता येते, आणि अपील दोन किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालते. परस्परसंमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. दाव्याच्या ओघातील अंतरिम आदेशांवरही नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, यांखालील पोटगीच्या आदेशावर अपील नसून उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचे अपील सत्र न्यायालयात, तीस दिवसांत. आणि ज्या तालुक्यात कौटुंबिक न्यायालय नाही, तेथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांनी दिलेल्या विवाहविषयक निकालाचे अपील प्रथम जिल्हा न्यायालयात जाते. चुकीच्या दारात गेलेले अपील परत येते, आणि तोवर दिवस मोजले जात असतात.

दिवसांचा हिशोब सर्वांत नाजूक. कौटुंबिक न्यायालये अधिनियमात अपिलाची मुदत तीस दिवस. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २८ मध्ये २००३ च्या दुरुस्तीनंतर नव्वद दिवस. कोणती खरी, यावर बराच काळ वाद चालला. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह अधिनियमाखालील निकालांना नव्वद दिवसांची मुदत लागू होते, असे ठरवले. नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदत कायद्याप्रमाणे वगळला जातो. मात्र निकाल लागल्यापासून नक्कलेचा अर्ज करीपर्यंत घरात जे दिवस विचारात जातात, ते वगळले जात नाहीत. म्हणून निकालाच्याच दिवशी प्रमाणित नक्कलेचा अर्ज करावा, अपील करावयाचे की नाही हे ठरलेले नसले तरीसुद्धा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक नक्कल तर प्रत्येक पक्षास विनामूल्य देण्याचे बंधन कलम २३ ने न्यायालयावरच घातले आहे.

मुदत सरल्याची किंमत काय, हे कलम १५ मध्ये लिहिले आहे. घटस्फोटाविरुद्ध अपिलाची मुदत अपील न होता संपली, की दोन्ही पक्षांना पुनर्विवाहाची मोकळीक मिळते. विलंब माफीचा अर्ज नंतर करता येतो, तो मंजूरही होतो. पण दरम्यान समोरच्याने रीतसर दुसरे लग्न केलेले असेल, तर त्या अपिलातून काय हाती लागावयाचे? पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबणाऱ्या घरांना ही गोष्ट बहुधा फार उशिरा कळते.

पैसे जमले नाहीत म्हणून थांबण्याची गरजच नसते, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. कलम १४९ अन्वये अपुरे शुल्क नंतर भरण्याची मुभा न्यायालय देऊ शकते आणि शुल्क भरल्यावर ते मूळ तारखेलाच भरले होते, असे धरले जाते. अपील वेळेत दाखल होणे हे पहिले. शुल्काची पूर्तता हे दुसरे.

आता पुरुषांविषयी. १९९४ ची माफी स्त्रियांसाठी आहे. नोकरी गेलेला पती, आजारी वृद्ध, तुटपुंज्या पगारावर दोन घरे ओढणारा मनुष्य यांना तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी संहितेत एक जुना, काहीसा विस्मृतीत गेलेला मार्ग आहे: मूळ दाव्यासाठी आदेश ३३ आणि अपिलासाठी आदेश ४४. जुन्या कागदपत्रांत याला ‘नादार’ पक्षकार म्हणत. १९७६ च्या दुरुस्तीने इंग्रजी कायद्यातील तो अवमानकारक शब्द गेला आणि ‘निर्धन व्यक्ती’ असा अर्थ रूढ झाला. निर्धन म्हणजे भिकारी नव्हे. शुल्क भरण्यास पुरेसे साधन ज्याच्याजवळ नाही, तो. हे साधन मोजताना, हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जी मालमत्ता जप्त होऊ शकत नाही ती, आणि ज्या मालमत्तेविषयीच वाद आहे ती, गणतीत घेतली जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे दाखवून कोणी ‘यांच्याजवळ मालमत्ता आहे’ असे म्हणू लागला, तर ते चालत नाही. जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट अशी, की २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीतील ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. समोरच्या पक्षात एक बँक होती. कंपनीला निर्धन म्हणवून घेता येते. मग घरातील कर्त्या माणसाला त्यात कमीपणा का वाटावा, हे कळत नाही.

या अर्जासोबत मिळकतीची यादी आणि तिचे अंदाजे मूल्य द्यावे लागते. न्यायालयाचा अधिकारी चौकशी करतो, शासनाला आणि समोरच्या पक्षाला बोलण्याची संधी मिळते. खालच्या न्यायालयात निर्धन म्हणून परवानगी मिळालेली असेल, तर अपिलात पुन्हा सर्व चौकशी होत नाही. हुकूमनाम्यानंतर आपली स्थिती बदललेली नाही, असे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरते. समोरच्याने वा शासनाच्या वकिलाने ते नाकारले, तरच चौकशी. अर्ज नामंजूर झाला, तरी न्यायालय शुल्क भरण्यास वेळ देऊ शकते. अपील तेथेच संपले, असे होत नाही. एक सापळा मात्र आहे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३० मध्ये निर्धन म्हणून अपिलाची परवानगी मागण्यासाठी उच्च न्यायालयात साठ आणि अन्य न्यायालयात तीस दिवस दिले आहेत. ‘आपल्याजवळ नव्वद दिवस आहेत’ या भरवशावर राहू नये. लहान आकडा खरा मानून चालावे.

ही माफी कायमची नसते, हेही सांगितले पाहिजे. पक्षकार जिंकला, तर शासन ते शुल्क वादविषयाच्या रकमेवरील पहिला बोजा म्हणून वसूल करते. हरला, तर त्याच्याकडून मागू शकते. थोडक्यात ते बिनव्याजी उधार आहे. स्त्रियांची १९९४ ची माफी तशी नाही. तेथे परतफेडीचा प्रश्न उद्भवत नाही.

या अर्जांत खोटे लिहिण्याचा मोह फार वाईट. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या सर्व प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि दायित्वांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे, असा दंडक घातला. त्यात पगार, बँक खाती, मुदत ठेवी, विमा, कर्जे, आयकर विवरणे असे सारे येते. एका बाजूला निर्धनतेचा अर्ज आणि दुसऱ्या बाजूला या प्रतिज्ञापत्रातील ठेवींच्या पावत्या, असा विसंवाद समोरच्या वकिलाच्या नजरेतून सुटत नाही. खातेपुस्तक अद्ययावत करून, बंद खातीसुद्धा लिहून, मगच सही करावी. नावावर असलेली पण आजोबांनी ठेवलेली ठेव, संयुक्त खात्यातील आईची पेन्शन, या नोंदींचा खुलासा तेथेच दोन ओळींत केला तर पुढे उलटतपासणीत अडखळण्याची वेळ येत नाही.

शुल्काचा प्रश्न असा सुटतो. पण ती मोठी पिशवी, म्हणजे खर्च, उरतोच. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. खालच्या न्यायालयातील साक्षी, पत्रे, पंचनामे मराठीत असतील, तर त्यांचे भाषांतर करावे लागते. मग पृष्ठांकन, अनेक प्रती, बांधणी. शंभर पानांच्या साक्षीचे भाषांतर करताना जी रक्कम जाते, तिच्यापुढे कोर्ट फी कधीकधी नगण्य ठरते, आणि १९९४ ची अधिसूचना तिला स्पर्श करीत नाही.

येथे दोन तरतुदी उपयोगी पडतात. पहिली हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २४. ज्या पक्षाजवळ स्वतःच्या निर्वाहास आणि कारवाईच्या आवश्यक खर्चास पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला दुसऱ्याकडून कारवाईचा खर्च आणि दरमहा रक्कम मागता येते. कारवाई म्हणजे केवळ मूळ याचिका नव्हे. अपील चालू असतानाही हा अर्ज अपील न्यायालयात करता येतो. पती आणि पत्नी दोघांनाही तो खुला आहे. विशेष विवाह अधिनियमाखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने विवाह झालेला असेल, तर कलम ३६ प्रमाणे तसा अर्ज केवळ पत्नीला करता येतो. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन जोडप्यांना दोन नियम, आणि तेही लग्न मांडवात झाले की निबंधकाच्या कचेरीत यावरून; या विसंगतीकडे संसदेने आजवर लक्ष दिलेले नाही.

दुसरी तरतूद विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ची. कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवा मागण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती यांनाही आहे. अन्य पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा लागते. महाराष्ट्रात ती वार्षिक तीन लाख रुपये आहे. उत्पन्नाविषयी प्रतिज्ञापत्र दिले, की ते अविश्वसनीय वाटण्याचे कारण नसल्यास पुरेसे मानले जाते. मोफत सेवा म्हणजे केवळ वकील देणे नव्हे. कोर्ट फी, समन्साचा खर्च, मसुदा, टंकलेखन, नकला आणि भाषांतरही तीत येते. तालुक्याला तालुका समिती, जिल्ह्याला जिल्हा प्राधिकरण, उच्च न्यायालयात स्वतंत्र समिती अशी रचना आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

सुखवस्तू घरांना या खिडकीपाशी उभे राहणे अपमानाचे वाटते. दान देणाऱ्या घराने सरकारी मदत घ्यावी, हे ज्येष्ठांना रुचत नाही. परंतु कायद्याने येथे ‘दान’ हा शब्द वापरलेला नाही, हक्क म्हटले आहे. आणि घराचे उत्पन्न म्हणजे त्या मुलीचे उत्पन्न नव्हे. माहेरी परत आलेल्या मुलीला वडिलांच्या तिजोरीतून खर्च मागावा लागतो, तेव्हा तिच्या खटल्याचा निर्णयही हळूहळू वडीलच घेऊ लागतात. केव्हा थांबायचे, किती रकमेला मान्यता द्यायची, हे सारे. स्वतःच्या हक्काने मिळालेला वकील तिला निदान स्वतःच्या सहीने सूचना देता येतात.

प्रवासाच्या खर्चात मात्र दक्षिण महाराष्ट्राला अलीकडे मोठा दिलासा मिळाला. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील अपिलांसाठी आजवर मुंबई गाठावी लागे. रात्रीची गाडी, सकाळी धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे आंघोळ, दुपारी ‘तारीख पुढे गेली’ हे शब्द, आणि पुन्हा रात्रीची गाडी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. ज्या पट्ट्यात मराठी बोलणारा जैन समाज गावोगाव पसरलेला आहे, नेमका तोच हा पट्टा. जयसिंगपूरच्या स्त्रीला आता अपिलाच्या तारखेला सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते. शुल्कमाफीच्या कोणत्याही अधिसूचनेपेक्षा या एका गोष्टीने अनेकांचा निर्णय बदलेल, असे मानण्यास जागा आहे.

राहता राहिला तडजोडीचा मार्ग. उच्च न्यायालयातील अपीलही मध्यस्थीकडे वा लोक अदालतीकडे जाऊ शकते. लोक अदालतीत प्रकरण मिटले, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे भरलेली कोर्ट फी परत मिळते. ज्या पतीने अपिलासाठी पूर्ण शुल्क भरलेले असते, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नसते, आणि वाटाघाटीत ती कोणाच्या वाट्याला जाणार हे आधीच लिहून घेतलेले बरे. मात्र त्याच कलमात असेही म्हटले आहे, की लोक अदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील चालत नाही. पोटगी एकरकमी की दरमहा, दागिन्यांची यादी जोडली की नाही, मुलाच्या शिक्षणाची फी कोणी आणि कोणत्या वर्षापर्यंत भरायची, धनादेशाची तारीख कोणती, हे सर्व सही करण्यापूर्वी वाचावयाचे असते, कारण त्या कागदाच्या वर आता दुसरी पायरी नाही.